बद्द

एप्रिलमध्ये बर्फ ओसरला की आम्ही घाटात येतो,
दोर, पहारी, कॉफीचा थर्मास.
बिसोर्नाला जाणारा रस्ता दोन दिवस बंद.
ओरोसिया वरून कड्यावर उतरते,
मी खाली, वायरलेस कानाला लावून, मांडीवर वही.

काम सांगायला सोपं आहे.
दगडावर पहार आपटायची आणि ऐकायचं,
मडकं घेताना वाजवून बघतात तसं.
खणखणीत वाजला तर राहू दे.
बद्द वाजला तर आतून सुटलाय,
आज ना उद्या कुणाच्या तरी टपावर येणार.
पाडायचा.

हे तिला बापाने शिकवलं.
म्हातारा आता दोन्ही कानांनी ठार बहिरा.
हुएस्कात थोरल्या मुलीच्या बाल्कनीत बसतो,
कठड्यावर बोटांची पेरं आपटतो
आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने ऐकतो.

बाविसाव्या खुणेच्या वर, उत्तरेकडे तोंड करून
फ्रीजएवढा एक दगड होता.
त्याच्या भेगेत ते झाड.
झाड कसलं, पानांची एक चकती,
राखी, जाडसर, कडेने चुन्याचे दाणे,
कुणीतरी खडूने एकेक पान मोजून ठेवल्यासारखे.
माती म्हणावी तर नखात मावेल एवढी.
इथले लोक त्याला राजाचा मुकुट म्हणतात.
त्याच्या कुळाचं जुनं नाव दगडफोड्या.
हे ऐकून ओरोसिया दोरावर लटकून हसली होती,
"फोडतो आपण आणि नाव याचं!"

पहिल्या वर्षी ते बशीएवढं होतं.
दगड तेव्हाच बद्द वाजला.
मला खालपर्यंत ऐकू आलं.
वायरलेसवर बराच वेळ नुसती खरखर,
मग तिचा आवाज:
"खणखणीत. लिही."
मी लिहिलं.

पुढच्या वर्षीही लिहिलं.
त्याच्या पुढच्या.
तिने दगडाभोवती जाळी आवळली, चार बोल्ट जादा ठोकले,
हिशेबात न दाखवता.
तरी त्या वळणावर मी गाडी नेहमी दामटायचो,
आणि शाळेची बस खालून गेली
की दिव्यांकडे बघत राहायचो, त्या पलीकडे निघेपर्यंत.
आम्ही यावर कधी बोललो नाही.
बोलायचं काय होतं?
एका चकतीसाठी दोन शहाणी माणसं
दर वर्षी एकच खोटं लिहीत होती.

नवव्या एप्रिलला ती म्हणाली,
मधली पानं उठल्यासारखी वाटताहेत.

जुलैत एका रविवारी आम्ही बिनपगारी आलो.
कड्याबाहेर हातभर तुरा आलेला,
शेकडो पांढरी फुलं,
सगळा भार रस्त्याच्या बाजूला झुकलेला.
खालून पावाची गाडी गेली, मग दोन सायकलवाले.
कुणी मान वर केली नाही.
गिधाडांनी तर नाहीच.
ओरोसियाने सँडविच खाल्लं, अर्धं मला दिलं.
चार वाजता आम्ही परत फिरलो.

एकदाच फुलतं ते.
मग मुळासकट हात सोडतं.

ऑक्टोबरात ती पुन्हा उतरली.
वाळला तुरा मोडून घेतला
आणि वरच्या भेगेत, जी खणखणीत आहे,
खरोखर खणखणीत, मी ऐकलंय,
मीठ भुरभुरावं तसा झाडला.
मग जाळी सोडली.
पहार उचललीही नव्हती, तेवढ्यात म्हणाली,
"बद्द. लिही."
दगड पडला. धुरळा बराच वेळ खाली बसला नाही.

त्यातला मुठीएवढा तुकडा तिने बापाला नेऊन दिला.
त्याने तो तळहातावर ठेवला,
एकदा वाजवला, पुन्हा वाजवला,
आणि बहिरी माणसं बोलतात तसं
गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाला,
"हा तर चांगला होता की.
का पाडलास?"